दोरी वळत नाही तिथे: एमआर चष्मा लावून पहिली नागमोडी भिंत

सरळ भिंतीला गवंड्याला फार काही लागत नाही. दोन टोकांना दोन खिळे, मधे ताणलेली दोरी, ओळंबा आणि पाणसळ. दोरीला लागून विटा बसत जातात आणि संध्याकाळपर्यंत भिंत कमरेएवढी होते. पण दोरी वळत नाही. भिंत नागमोडी काढली, वर प्रत्येक वीट शेजारच्या विटेपेक्षा जरा निराळ्या कोनात फिरवायची ठरवली, की दोरी घडी करून खिशात जाते आणि मिस्त्री आपल्या तोंडाकडे बघायला लागतात.

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर, गायमुखच्या अलीकडे, एका संकुलाच्या क्लबहाउससमोर आम्हाला अशीच भिंत बांधायची होती. लांबी १४ मीटर, उंची १.८ मीटर. एका थरात साधारण ७० विटा, थर १८, म्हणजे साडेबाराशेच्या वर विटा आणि प्रत्येकीचा कोन वेगळा. मी हौसेने प्रत्येक थराचा एक असे १८ नकाशे छापून साइटवर नेले. मिस्त्रींनी पहिला कागद उलटा धरला, मग सुलटा धरला आणि विचारलं, "मॅडम, यातली पहिली वीट कुठली?" त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्या कागदावरून पहिली वीट मलाही जमिनीवर दाखवता आली नसती.

तिथून आम्ही मिश्र वास्तवाकडे (मिक्स्ड रिअॅलिटी), म्हणजे साइटच्या भाषेत 'एमआर'कडे वळलो. तुम्हीही वळणार असाल तर आमचे टक्केटोणपे वाचावेत म्हणून हा लेख. ठाण्या-नवी मुंबईतल्या एखाद्या छोट्या आर्किटेक्टला किंवा साइट इंजिनियरला पहिलं काम पार पाडता यावं, एवढाच त्याचा बेत.

आधी एक खुलासा. व्हीआरमध्ये, म्हणजे आभासी वास्तवात, डोळे झाकले जातात आणि समोर पूर्ण बनावट जग येतं. एमआरमध्ये चष्म्यातून साइट जशीच्या तशी दिसते आणि तिच्यात आपलं संगणकावरचं मॉडेल ठरलेल्या जागी उभं राहतं. तुम्ही डावीकडे सरकलात तरी वीट जागची हलत नाही. पॉल मिलग्रॅम आणि फुमिओ किशिनो यांनी १९९४ साली एका शोधनिबंधात ही संज्ञा मांडली, पण ती बांधकामाच्या माणसाच्या हाती यायला आणखी वीसेक वर्षं गेली.

हे काम खरंच एमआरचं आहे का, ते आधी ठरवा

माझी कसोटी सोपी आहे. प्रत्येक तुकड्याला वेगळं माप छापून द्यावं लागतंय का? लागत असेल तर एमआर कामाला येईल. एकच माप शंभरदा वापरायचं असेल तर लाकडाचा साचा करा, तो स्वस्त पडतो आणि त्याला चार्जिंग लागत नाही.

जगातली नावाजलेली उदाहरणं पाहिलीत तरी हेच दिसेल. ग्रीसमधल्या कित्रुस वाइनरीची २२५ चौरस मीटरची दर्शनी भिंत २०१९ मध्ये १३,५९६ विटांनी बांधली गेली आणि त्यातली प्रत्येक वीट वेगळी फिरवलेली, कललेली आहे. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या ग्रामाझिओ कोहलर रिसर्चने ते काम केलं, आणि गंमत म्हणजे तिथे गवंड्यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. कॅमेरा विटेचा माग ठेवत होता आणि गवंडी समोरच्या पडद्यावर बघत होते. त्याच वर्षी एस्टोनियात, टॅलिनच्या वास्तुकला द्वैवार्षिकात वाफेवर वाकवलेल्या लाकडाचा 'स्टीमपंक' मंडप उभा राहिला. तो होलोलेन्स चष्मा लावून, साध्या हातहत्यारांनी केलेला. त्यामागे मेलबर्नची फोलोग्राम ही कंपनी होती. ऑस्ट्रेलियातल्या रॉयल होबार्ट हॉस्पिटलमधलं वळणदार विटकामही त्यांच्याच सॉफ्टवेअरवर झालं. या तिन्ही ठिकाणी यंत्राने फक्त जागा दाखवली. वीट किंवा पट्टी बसवली ती माणसाच्या हातांनीच.

नवी मुंबई विमानतळाची कमळावर बेतलेलं टर्मिनल पाहून आलेली मुलं विचारतात, असं काहीतरी चष्मा लावून करता येईल का? तसल्या पोलादी कामात मिलिमीटरचा हिशेब सर्व्हेच्या यंत्रांवर चालतो. तिथे चष्मा फार तर तपासणीला. तुम्ही बागेतल्या भिंतीपासून सुरुवात करा.

यंत्र निवडणं

बांधकामात सर्वांत जास्त वापरला गेलेला चष्मा म्हणजे मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २. तो २०१९ मध्ये ३,५०० डॉलरला आला. वजन ५६६ ग्रॅम. काच पारदर्शक, त्यामुळे साइट स्वतःच्या डोळ्यांनी दिसते आणि मॉडेल तेवढं वर तरंगतं. पण त्याचं उत्पादन २०२४ मध्ये बंद झालं आणि सुरक्षेचे अपडेट २०२७ अखेरपर्यंतच मिळणार आहेत. भाड्याने किंवा वापरलेला घेणार असाल तर पहिली चौकशी बॅटरीची करा. नवा असतानाच तो दोन-तीन तास चालायचा.

मेटा क्वेस्ट ३ सारखे चष्मे त्याहून बरेच स्वस्त. पण त्यात तुम्ही साइट कॅमेऱ्यातून बघता. जवळची वस्तू किंचित वाकडी दिसते आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून येणारी पाटीवाली बाई दिसतच नाही. जमिनीवर, मोकळ्या जागेत ठीक आहे. परांचीवर अजिबात नको.

नवख्यांनी मात्र या दोन्हीपैकी काहीच घेऊ नये. खिशातला फोन किंवा एखादा टॅब्लेट घ्या, तिपाईवर लावा आणि ऑफिसच्या गच्चीवर २० विटांचं वळण कोरडंच रचून बघा. फोलोग्राम फोनवरही चालतं. दोन दिवसांत कळेल की तुमची अडचण यंत्राची नाही, मॉडेलची आहे.

मॉडेल हलकं ठेवा

मॉडेल काढायला आम्ही ऱ्हायनो आणि त्याला जोडून चालणारं ग्रासहॉपर ही सॉफ्टवेअर वापरतो. तुमचं सगळं क्लबहाउस रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये असलं तरी चष्म्यात फक्त भिंत पाठवा. माझ्या पहिल्या प्रयत्नात प्रत्येक वीट भरीव, लाल, छान पोत दिलेली होती. स्क्रीनवर फार देखणं दिसायचं. साइटवर मिस्त्रींनी हात पुढे केला तर त्यांना स्वतःचा हातच दिसेना, कारण चष्मा मॉडेल सगळ्याच्या वर रंगवतो. आभासी विटेआड खरी वीट, थापी आणि बोटं, सगळं गडप.

म्हणून विटेच्या फक्त कडा दाखवा, त्याही खालच्या चार आणि वरच्या दोन. आत्ता बसवायचा थर पिवळ्या रेषांत, खालचा झालेला थर फिकट राखाडी, बाकी सगळं बंद. काळा रंग वापरू नका. पारदर्शक काचेवर काळा म्हणजे काहीच नाही. मजकूरही टाळा. आमच्या साइटवर मिस्त्री विजापूरकडचे, हाताखालची पोरं बंगालातल्या माल्द्याची आणि सुपरवायझर डोंबिवलीचा. तिघांना एकच भाषा वाचता येत नव्हती, पण पिवळा आणि राखाडी तिघांनाही कळत होता.

आणि मॉडेलमधली वीट खऱ्या विटेच्या मापाची करा. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण आहे. भारतीय मानकात, आयएस १०७७ मध्ये, मॉड्युलर वीट १९० × ९० × ९० मिलिमीटरची. २० विटा ओळीने लावल्या तर लांबी ३,८०० मिलिमीटर भरायला हवी, त्यात ८० कमी किंवा जास्त चालतात. म्हणजे विटेमागे सरासरी ४ मिलिमीटर. आमच्या विटा भिवंडीकडच्या भट्टीच्या होत्या आणि मानकाची बूज राखण्याच्या फार फंदात पडलेल्या नव्हत्या. लॉट उतरला की २० विटा लावून टेपने मोजा, सरासरी मॉडेलमध्ये घाला आणि उरलेला फरक सांध्यातल्या मालावर, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणावर सोडा. दुसरा ट्रक आला की पुन्हा मोजा.

खुणा: इथे घाई केलीत तर पुढे सगळं वाकडं

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. आपण साइटवर कुठे उभे आहोत हे चष्म्याला आपोआप कळत नाही. एक छापील खूण, क्यूआर कोडसारखी, ठरलेल्या जागी लावायची. चष्मा ती वाचतो आणि तिच्या आधाराने मॉडेल जमिनीवर ठेवतो. खूण चुकली की पुढच्या साडेबाराशे विटा प्रामाणिकपणे चुकीच्या जागी बसतात.

एकाच खुणेवर भिस्त ठेवली तर काय होतं त्याचा हिशेब करा. खूण अर्धा अंश फिरली. डोळ्याला ते कळणारही नाही. पण १४ मीटरवर तोच फरक १२२ मिलिमीटर होतो, म्हणजे विटेच्या रुंदीपेक्षा जास्त. म्हणून खुणा किमान तीन हव्यात, दोन भिंतीच्या दोन टोकांना आणि एक मधे. टोटल स्टेशन, म्हणजे अंतर आणि कोन अचूक मोजणारं सर्व्हेचं यंत्र, चालवणाऱ्याला अर्ध्या दिवसासाठी बोलवा. इमारतीच्या ग्रिड लाइन (नकाशातल्या आधाररेषा) आणि बेंचमार्क (उंचीची पक्की खूण) यांवरून तिन्ही जागा, आणि रोजच्या तपासणीसाठी चार जागा, काढून घ्या आणि तिथे काँक्रीटमध्ये खिळे ठोका. टोटल स्टेशनवाल्याचे पैसे वाचवून चष्मा घेणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी चष्म्याचे पैसे वाचवून टोटल स्टेशनवाला बोलावला असता तर काम बरं झालं असतं.

छापतानाही एक फसगत होते. १५० मिलिमीटरची खूण 'पानात बसवा' या पर्यायाने छापली तर ती १४४ ची निघते. खुणेचं माप आपण सॉफ्टवेअरला सांगतो, तिथे यंत्र १५० धरून चालतं आणि २ मीटरवरची खूण त्याला २.०८ मीटरवर वाटते. आठ सेंटिमीटर तिथेच गेले. छापून आणलेल्या खुणेवर आधी पट्टी ठेवा. मग ती सनबोर्डवर डकवा. नुसता कागद दमट हवेत फुगतो आणि लॅमिनेशन उन्हात चकाकतं.

आता माझी चूक. तिसरी खूण लावायला जवळ कॉलम नव्हता, म्हणून मी ती साइटच्या कुंपणाच्या पत्र्यावर लावली. पत्रा बोल्टने पक्का होता. पण दुपारी खाडीवरून वारा सुटला की तो फुगायचा, संध्याकाळी बसायचा. आम्ही पाच थर रचले. सहाव्याला मिस्त्री थांबले, ओळंबा सोडला आणि म्हणाले, "मॅडम, तुमचा चष्मा म्हणतोय बरोबर, पण माझा ओळंबा नाही म्हणतोय." दीड इंच बाहेर गेलो होतो. वरचे तीन थर उतरवले. माल ओला होता म्हणून विटा तरी वाचल्या. तेव्हापासून खूण फक्त कॉलमवर, प्लिंथवर किंवा जमिनीतल्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर लावते. पत्र्यावर नाही, शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या प्लायवर तर मुळीच नाही, कारण ते आठवड्याने सोडून नेतात.

रोज सकाळी पाच मिनिटांची परीक्षा

काम सुरू करण्याआधी मॉडेलमध्ये चार ठिपके घाला, टोटल स्टेशनने काढलेल्या चार खिळ्यांवर येतील असे. चष्मा लावून चारही खिळ्यांपाशी जा. ठिपका खिळ्याच्या डोक्यावर बसतोय का ते वाकून, वरून सरळ बघा. तिरपं पाहिलंत तर बसलेला ठिपकाही सरकल्यासारखा दिसतो. मग भिंतीच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन परत या आणि पहिला खिळा पुन्हा तपासा. चालताना यंत्राची जागेची समज हळूहळू घसरते, ती घसरण इथे पकडता येते.

किती फरक चालवायचा? आमच्या शोभेच्या भिंतीला मी तीन सूत, म्हणजे साधारण १० मिलिमीटर ठरवलं. मिस्त्रींशी सुतातच बोला. ते मिलिमीटरला मान डोलावतात आणि मनात सुतात करून घेतात. हीच सूट सळईकामात चालणार नाही. आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, ठरल्यापेक्षा १० मिलिमीटरपर्यंत जास्त चालतं, कमी मात्र अजिबात नाही. त्यामुळे सळई चष्म्याने बांधू नका, कव्हर ब्लॉकनेच बांधा. आणि भिंत कितीही शोभेची असली तरी तिचा पाया, जाडी आणि बाहेर आलेल्या विटांचे कोपरे स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवून घ्या. चष्म्यात काहीही उभं राहतं.

ऊन, पाऊस, पांढऱ्या भिंती

पारदर्शक काचेच्या चष्म्याला ऊन मारतं. अकरानंतर पिवळ्या रेषा दिसेनाशा होतात आणि यंत्र तापून स्वतःच बंद पडतं. आम्ही भिंतीवर हिरवी जाळी ताणली, साडेसात ते साडेदहा आणि पुन्हा चारनंतर, असं काम केलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं. जूननंतर विषयच सोडा. जाळीतून गळणारा एक थेंब कॅमेऱ्यावर पडला की विटा नाचायला लागतात.

चष्मा भोवतालच्या खाणाखुणा बघून आपली जागा ओळखतो. नुकतीच प्लास्टर केलेली कोरी भिंत, काचेचा दर्शनी भाग, एकसारखी शटरिंगची रांग, यांच्यासमोर तो गोंधळतो. आमच्या मागे क्लबहाउसची पांढरी भिंत होती. तिच्यावर रद्दीतली वर्तमानपत्रं चिकटटेपने वेडीवाकडी लावली. मालकाला आवडलं नाही, यंत्राला आवडलं. तसंच मागची सेंटरिंग (काँक्रीटखालचे टेकू आणि फळ्या) सोडली, विटांचा ढीग हलवला, तर जागेचा साठवलेला नकाशा पुसून नव्याने फिरून घ्या.

साइटच्या वायफायवर विसंबू नका. मॉडेल लॅपटॉपवर आणि लॅपटॉप-चष्मा एकाच छोट्या राउटरवर, पॉवर बँकेवर चालणाऱ्या.

चष्मा कोणाच्या डोळ्यावर?

मला आधी वाटलं, अर्थातच मिस्त्रींच्या. त्यांनी घातला, दोन मिनिटं इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "वीट हवेत आहे, मला तर खालून वर बांधायचंय." मग लक्षात आलं की मी त्यांना सातवा थर दाखवत होते.

दोन पद्धती आहेत. पहिलीत एक जण चष्मा लावून खडूने प्रत्येक पाचव्या विटेचे दोन कोपरे झालेल्या थरावर आखतो आणि मिस्त्री चष्म्याशिवाय मधल्या विटा बसवतात. वळण सौम्य असेल तर एवढं पुरतं, आणि काम भराभर होतं. दुसरीत मिस्त्री स्वतः चष्मा लावून प्रत्येक वीट रेषांत बसवतात. कोन जिथे झपाट्याने बदलतात तिथे ही हवी. पण सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त नको, मान भरून येते. चष्मा दुसऱ्याच्या डोळ्यावर गेला की डोळ्यांची जुळणी पुन्हा करा. ती टाळलीत तर त्याला सगळंच थोडं बाजूला दिसेल आणि दोघे हकनाक भांडत बसतील.

बटण दाबायला हवेत चिमटी घ्यावी लागते, आणि मालाने भरलेल्या हातांच्या चिमट्या यंत्राला कळत नाहीत. म्हणून 'पुढचा थर' हे बटण सुपरवायझरच्या फोनवर ठेवा आणि शेजारी ओला स्पंज. हेल्मेट सोडायचं नाही. होलोलेन्स हेल्मेटवर बसवलेला, ट्रिंबलचा एक्सआर१० मिळाला तर उत्तम. चष्मा लावलेला माणूस चालणार असेल तर आधी चष्मा वर करायचा, मग पाऊल टाकायचं. आमच्याकडे हा नियम मोडणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा असं ठरलं होतं आणि सगळ्यात जास्त चहा मीच पाजला.

थर चढवताना

एमआर विटेची जागा आणि कोन छान दाखवतं, उंचीला मात्र त्याच्यावर जाऊ नका. थराची उंची लाकडी पट्टीवर दर १० सेंटिमीटरला खाच पाडून घ्या, तळ पाण्याच्या नळीने जुळवा आणि पट्ट्या दोन्ही टोकांना व मधे उभ्या करा. प्रत्येक विटेवर पाणसळ टेकवाच, कारण फिरवलेली वीट बसताना एका कोपऱ्यावर झुकते आणि चष्म्यातून ते जाणवत नाही.

दर तीन थरांनी थांबून चार-पाच विटा खिळ्यांपासून टेपने मोजा आणि वहीत लिहा. फरक एकाच बाजूला वाढत असेल तर खूण हलली आहे. कधी इकडे कधी तिकडे असेल तर तो हाताचा, आणि तो चालतो. आमचे दिवसाला चार थर व्हायचे. पहिल्या दिवशी दोनच झाले होते, त्यातला एक दुसऱ्या सकाळी उतरवला.

भिंत पूर्ण झाली म्हणून खुणा लगेच काढू नका. पाणी मारायचे दिवस संपेपर्यंत, कोपिंग, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरचा थर, बसेपर्यंत आणि दिव्यांच्या जागा ठरेपर्यंत त्या राहू द्या. आमच्या इलेक्ट्रिशियनने याच मॉडेलमध्ये नळ्यांची वाट पाहून भोकं पाडली आणि एकही वीट फुटली नाही. कोपिंगच्या वेळी मात्र मिस्त्रींनी चष्मा मागितलाच नाही. खालचा थर बघत बघत त्यांनी कोबा थापीने वळवत नेला, आणि मी टेप लावला तेव्हा फरक दोन सुतांचा होता.